एका झाडाचे तीन कायदे

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून सातपुड्याच्या आत शिरले की मोलगी लागते. नंदुरबार जिल्ह्याचा हा कोपरा. इथून उत्तरेकडे डोंगर उतरत गेले तर नर्मदा आणि तिच्या पल्याड मध्य प्रदेशातला अलिराजपूर जिल्हा. पश्चिमेला सागबारा-डेडियापाडा, म्हणजे गुजरात. इथल्या सोयरिकींनी, देवांनी आणि बाजारांनी या सरहद्दी कधी मनावर घेतल्या नाहीत. मोहाचे झाड तिन्हीकडे तेच आणि त्याच्या फुलांची दारू गाळण्याची रीतही जवळपास तीच. वेगळे आहेत ते कायदे. गुजरातेत भट्टी लावणे हा गंभीर गुन्हा. अलिराजपुरात आदिवासी कुटुंबाला घरच्यापुरती गाळायची मुभा आणि त्यावर सरकारी पाठिंब्याने बाटलीबंद विक्री. मोलगीत फुले वेचायला, साठवायला हरकत नाही, मात्र ती मडक्यात भिजवून चुलीवर चढवली की हातभट्टीचा गुन्हा.

पेयांच्या बाबतीत सरकारे अशीच वागत आली आहेत. मध्ययुगीन नॉर्वेत गुलाटिंगच्या कायद्याने शेतकऱ्याला नाताळासाठी घरी बियर बनवण्याची सक्ती केली होती. बनवली नाही तर दंड. बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघाले की बियरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचे नाही. त्यामागचे एक कारण पावाचे होते. गहू भटारखान्यांसाठी राखायचा होता. आइसलंडची तऱ्हा सगळ्यांत न्यारी. तिथे १९१५ साली दारूबंदी आली, १९३५ साली कडक मद्ये खुली झाली, पण तुलनेने सौम्य असलेली बियर १ मार्च १९८९पर्यंत बंदच राहिली. आज तोच दिवस तिथे बियरचा दिवस म्हणून साजरा होतो. बेल्जियमच्या बियरसंस्कृतीला तर २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली.

सातपुड्यातल्या मोहाच्या वाट्याला वारशाऐवजी पोलिसांच्या धाडी आल्या. त्या का आणि कशा आल्या, याचा इतिहास दीडशे वर्षांच्या आतला आहे.

फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडतात आणि रसरशीत, फिकट पिवळी फुले रात्रभर टपटपत राहतात. उजाडण्याआधी बाया-पोरे टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. फुले नीट दिसावीत म्हणून खालचा पाचोळा आधीच जाळलेला असतो. जंगलात वणवे लागण्याचे हे एक कारण, म्हणून वनखात्याचा या रीतीवर राग. कोणते झाड कोणत्या घराचे, हे गावाला ठाऊक असते, मग ते झाड सरकारी जंगलात का उभे असेना. वेचलेली फुले अंगणात वाळत घातली की तांबूस तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. सुक्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणून ती भाजून खातात, धान्याबरोबर शिजवतात, गुरांना चारतात. दुष्काळात तर मोहावरच दिवस निघत. बियांचे तेल निघते ते वेगळेच. डोंगरातल्या माणसासाठी मोह आधी अन्न आणि हातात पैसा देणारे झाड होता. दारू हा त्याचा एक उपयोग.

गाळण्याची रीत सोपी, तरी हात बसलेला हवा. सुकी फुले पाण्यात काही दिवस भिजत घालतात. हवेच्या उष्म्यानुसार मिश्रण आंबते, फसफसते, मग शांत होते. ते मडक्यात भरून चुलीवर ठेवतात, तोंड मातीने लिंपून बंद करतात, वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात नेतात आणि ते भांडे गार पाण्यात बुडवून ठेवतात. आधी उतरते ती पहिल्या धारेची, सर्वांत कडक. पुढे पुढे धार पातळ होत जाते. जाळ जास्त झाला तर करपट वास येतो, कमी पडला तर धार तुटते. घरच्या भट्टीत फुले, पाणी आणि लाकूड यांपलीकडे फारसे काही लागत नाही. गूळ आणि नवसागर आले ते विक्रीसाठी भराभर माल काढायची घाई सुरू झाल्यावर.

बियरशी जवळचे नाते सांगायचे तर ते मोहापेक्षा ताडीचे. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडाला मडके बांधून उतरवलेला रस सकाळी गोड असतो. ऊन चढेल तसा आपोआप आंबतो आणि दुपारपर्यंत त्याला साधारण बियरइतका अंमल येतो. दुसऱ्या दिवशी तो आंबूस होऊन पिण्याजोगा राहत नाही. त्यामुळे ताडी झाडाच्या आसपासच प्यावी लागते. तिला ना गोदाम लागते ना दलाल. नर्मदेपलीकडच्या अलिराजपूर भागात ताडाची झाडे ही घराची मोठी मालमत्ता आहे आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत झाडाखाली बसून ताडी पिणे हा तिथला नेहमीचा रिवाज.

पिण्याचेही नियम होते. भिल्ल समाजात प्याला तोंडाला लावण्याआधी चार थेंब जमिनीवर सांडायचे, पूर्वजांच्या आणि देवांच्या नावाने. याला धार देणे म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात मक्याची चिचा पिणारे लोकही पहिले थेंब धरणीमातेला, पाचामामाला देतात. दोन डोंगरांमध्ये अर्धी पृथ्वी आहे, रीत मात्र एकच. सोयरीक ठरली, देज म्हणजे वधूमूल्य ठरले, भांडण मिटले, की पंचांसमोर दारू येई आणि ती प्यायली की बोललेला शब्द पक्का झाला असे मानले जाई. शेतातल्या कामाला गाव एकत्र यायचे ते लाह करून. मजुरी नाही, काम करून घेणाऱ्याने जेवण आणि प्यायला द्यायचे. म्हणजे दारू बहुतेक वेळा चारचौघांत, कारणाने आणि सगळ्यांच्या देखत प्यायली जाई.

देवीच्या पाटीतही तिला जागा होती. या भागातली कुलस्वामिनी याहा मोगी. मोलगीच्या परिसरातले डाब हे गाव तिच्या कथांशी जोडलेले, तर तिचे ठाणे गुजरातेतल्या सागबारा तालुक्यात, देवमोगरा इथे. महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते. तिन्ही राज्यांतले आदिवासी बांबूच्या नव्या पाटीत धान्य, कोंबडी आणि मोहाची दारू घेऊन पायी येतात. राज्य दारूबंदीचे, नैवेद्य दारूचा. अनेक पिढ्या हे चालत आले आहे. होळीचा हंगामही मोहाच्या फुलोऱ्यातच येतो. आधी गावोगावचे भोंगऱ्या बाजार, मग मोलगीजवळच्या काठीची राजवाडी होळी. तिथे उंच बांबू उभारून पहाटे होळी पेटवतात आणि मोरपिसांचे टोप चढवलेले बुध्या-बावा रात्रभर नाचतात.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला, तरी या डोंगरात सरकार बराच काळ पातळच होते. काठी, चिखली, सिंगपूर यांसारखी छोटी मेहवासी संस्थाने तिथे कारभार पाहत. सरकारला आधी भिल्लांचा बंदोबस्त हवा होता. त्यासाठी १८२५ साली जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली. दारूकडे लक्ष गेले ते नंतर, आणि गेले ते महसुलापायी.

सुरुवातीला मक्त्याची पद्धत होती. कलाल ठराविक रक्कम भरून गावोगाव गाळण्या-विकण्याचा हक्क घेई आणि डोंगरातल्या घरगुती भट्ट्यांकडे फारसे कोणी पाहत नसे. १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने हे बदलले. दारू गाळायची ती सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीत. तिथे गॅलनवर कर आकारायचा आणि विक्रीच्या दुकानांचे ठेके लिलावाने द्यायचे. ताडीच्या प्रत्येक झाडावर कर बसला. घरी गाळणे गुन्हा ठरले. ज्याच्या अंगणात फुले सुकत होती त्यानेच दुकानातून रोख पैसे मोजून दारू घ्यावी, अशी ही व्यवस्था होती. दक्षिण गुजरात आणि लगतच्या टापूत या ठेक्यांवर मुख्यतः पारशी व्यापाऱ्यांचा ताबा होता. पैसे नसले की दुकानदार उधार देई. उधारी वाढली की धान्य जाई, मग गुरे, मग जमीन. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी तर १८९२ साली खास मोहाफुलांचा कायदा झाला आणि हंगामाबाहेर फुले बाळगण्यावरच बंधन आले. पुढे आबकारीचे उत्पन्न मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या खालोखाल जाऊन बसले.

याच काळात शहरांतही दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठत होता. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, त्यांनी वाढत्या गुत्त्यांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. १९०८ साली टिळकांच्या अनुयायांनी पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निदर्शने केली. पण डोंगरातला विरोध शहरातून आला नाही. तो देवीच्या अंगात आला.

१९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवी निघाली. तिला सलाबाई म्हणत. मांडवात माणसांच्या अंगात येऊन ती आज्ञा देई: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका. पाहता पाहता ही लाट डांग, सुरत आणि पश्चिम खानदेशात पसरली. दुकाने ओस पडली, मडकी फुटली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली या चळवळीवर ग्रंथ लिहिला आणि तिच्यातली आर्थिक बाजू उलगडून दाखवली. दारू सोडण्यात धर्म होता, तसा ठेकेदाराच्या वहीतून नाव खोडायचा हिशेबही होता. पुढे अनेक गावांत लोक पुन्हा प्यायला लागले, पण दुकानदाराचा पूर्वीचा धाक राहिला नाही.

पंधरा वर्षांनी तळोदा तालुक्यातल्या मोरवड गावी गुलाम महाराज उभे राहिले. ते स्वतः आदिवासी. त्यांच्या आरतीला हजारोंची गर्दी लोटू लागली. व्यसन सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना ‘आप’ म्हणून मान द्या, एवढीच शिकवण. दारूचा खप घसरला तसे ठेकेदार आणि अधिकारी अस्वस्थ झाले. १९३८ साली महाराज गेले, त्यानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले. आपधर्म मानणारी कुटुंबे आजही नंदुरबार जिल्ह्यात आहेत आणि मोरवडची यात्रा भरते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने ठेकेच मोडले. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० साली दारूबंदी राज्यभर लागू झाली. मोहाफुलांसाठी त्याच वर्षी वेगळे नियम झाले. १९६० साली राज्य दुभंगले, आणि इथून या कायद्याची गंमत सुरू होते. मजकूर एकच, पण दोन राज्यांत त्याने दोन जन्म घेतले. गुजरातने बंदी कायम ठेवली, ती कडक करत नेली. विषारी दारूने माणसे मेली तर बनवणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा देण्याची तरतूदही केली. महाराष्ट्राने कायद्यावरचे नाव दारूबंदीचे ठेवून आत परवान्यांची दारे उघडली. मुंबईत बंदीच्या काळात गल्लोगल्ली चोरून दारू विकणाऱ्या ‘आंटीं’चे अड्डे चालले. नंतर परवाने सैल झाले आणि ‘परमिट रूम’ ही अस्सल महाराष्ट्रीय संस्था जन्माला आली.

जगभरच्या बियरच्या गमतीजमतींच्या यादीत परमिट रूमला मानाचे पान द्यायला हवे. कायद्याच्या भाषेत महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याकडे परवाना लागतो. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजीवनही मिळतो. बियर एकविसाव्या वर्षी चालते, कडक दारूला पंचविशी गाठावी लागते. वाड्यावस्त्यांच्या तोंडाशी ‘बियर शॉपी’ची पाटी दिसते. पुण्यात २००९ साली डूलाली या मायक्रोब्रुअरीने ताजी बियर जागेवर बनवून विकायला सुरुवात केली. तिथे जर्मन पद्धतीची गव्हाची बियर मिळू लागली. जर्मनीतले किण्वन पुण्यात प्रतिष्ठित झाले, सातपुड्यातले मात्र पंचनाम्यातच राहिले.

तरीही मोहाची बाजू घेताना एक प्रकरण झाकून चालत नाही. मोलगीच्या खाली, सपाटीवरच्या शहाद्यात, १९७०च्या दशकात जमिनीचा आणि मजुरीचा लढा पेटला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आणि १९७२ साली स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेतून आदिवासी शेतमजूर एकवटले. शिबिरांत बायका बोलायला लागल्या तेव्हा त्यांनी सर्वांत आधी काढला तो नवऱ्याच्या मारहाणीचा आणि दारूचा प्रश्न. मग त्यांचे जथे गावोगाव गेले, त्यांनी भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या पुरुषांना गावासमोर जाब विचारला. त्यांनी फोडलेली मडकी धारेची किंवा लाहेची नव्हती. गुळाने-नवसागराने घाईत काढलेली, रोज विकली जाणारी, मजुरीचे पैसे संध्याकाळी गिळणारी ती दारू होती. विक्रीसाठीची ही घाई कुठवर जाते ते २०१५ साली मुंबईच्या मालवणीत दिसले. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने तिथे शंभराहून अधिक जीव गेले.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनची गोष्ट या चित्राची दुसरी बाजू दाखवते. तिथे ज्वारीची बियर घरोघरी बायका बनवत. १९०८ साली नगरपालिकेने तिचा मक्ता स्वतःकडे घेतला, आपल्या बियर हॉलमध्ये ती विकली आणि त्या नफ्यातून आफ्रिकन वस्त्यांचा कारभार चालवला. घरी बनवणाऱ्या बायकांवर धाडी पडत राहिल्या. १९५९ साली केटो मॅनर वस्तीतल्या बायकांनी बियर हॉलवरच हल्ला चढवला. डर्बनच्या बायका बियर बनवणाऱ्या होत्या, शहाद्याच्या बायका मडकी फोडणाऱ्या. तरी दोघींचे भांडण एकाच गोष्टीशी होते. घरातला पैसा बाहेर काढून नेणारा धंदा आपल्या दारात कोणाच्या परवानगीने चालतो, हा त्यांचा सवाल होता.

गेल्या काही वर्षांत वारा फिरला आहे. गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली मोहाफुले वेचणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरची जुनी बंधने उठवली. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहाफुले यांपासून बनणाऱ्या मद्याला देशी दारूच्या रांगेतून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घालायचे ठरवले. सातपुड्यातले सर्वांत जुने पेय कागदावर विदेशी झाले! नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने त्याच सुमारास ‘हेरिटेज मद्य’ असे धोरण आणले. अलिराजपूरच्या कट्ठीवाडा भागात बचतगटाने गाळलेली मोहाची दारू ‘मोंड’ या नावाने बाटलीत भरली गेली.

मोलगीच्या बाजारात मोहाचा हिशेब अजून जुन्याच चालीने होतो. हंगामात घरात रोकड नसते, म्हणून फुले पडत्या भावाने व्यापाऱ्याकडे जातात. कडक मद्याचा कारखाना उभारायला परवाना, भांडवल आणि प्रयोगशाळेची तपासणी लागते. हे तिन्ही ज्याच्याकडे आहे तो बहुधा डोंगरातला नसतो. ‘हेरिटेज’ची पाटी लावून मोह शहरातल्या बारमध्ये हजारांच्या भावाने विकला गेला आणि फुले वेचणारीला टोपलीचे तेवढेच पैसे मिळाले, तर १८७८च्या ठेक्याचीच ती नवी आवृत्ती ठरेल. आणि विक्रीची मोकळीक देताना गावातल्या बायकांना विचारले नाही, तर शहाद्यातले जुने भांडण पुन्हा दारात येईल.

यावरचा तोडगा नव्याने शोधायची गरज नाही. मोलगीचा अक्कलकुवा आणि शेजारचा अक्राणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६चा पेसा कायदा तिथे लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमात ग्रामसभेचे दोन अधिकार एकापाठोपाठ लिहिले आहेत: मादक पेयांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांची विक्री नियंत्रित करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. मोहाचे पुढचे प्रत्येक धोरण, मग ते बाटलीचे असो की बंदीचे, या दोन अधिकारांना एकत्र धरून आणि ग्रामसभेतल्या बायकांच्या मताने ठरले पाहिजे. मुंबईतल्या फायलीत ठरलेले धोरण गेल्या दीडशे वर्षांत मोलगीच्या डोंगराला एकदाही मानवलेले नाही.